आधी रूळ, मग लाकूड, मग चर्च

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथांवर लेख आला आणि सोबत अशाच एका कथेच्या मराठी अनुवादाचा पहिला भागही. या साहित्यप्रकाराला मराठी वर्तमानपत्राने पानभर जागा द्यावी याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती १८५७ सालची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ख्रिस्तीच होती, आणि तिच्या चारच वर्षे आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली होती. तेव्हा ख्रिस्ती कथा आणि रेल्वे या दोन्ही गोष्टी मराठी वाचकाला मुळीच परक्या नाहीत.

लेखातील एका सल्ल्याशी मात्र आम्ही अजिबात सहमत नाही. नव्या लेखकाने लाकडी चर्च, धूळभरला रस्ता आणि आगगाडीची शिट्टी एवढे रंगवले की पुरे, बाकी गोष्ट दोन मनांची असते, असे त्यात सुचवले आहे. नव्या रेल्वेगावातील प्रेमकथेत गोष्ट नुसती दोन मनांची राहूच शकत नाही. रूळ कधी आले, बाजार कधी हलला, पाळकाची बदली कधी होणार, मुलीच्या नावावर जमीन होते की नाही, यावर ती दोघे कधी भेटतील आणि कधी लग्न करतील हे ठरते. तारखा चुकल्या की माणसे चुकतात आणि त्यांची श्रद्धाही पोशाखासारखी वरवरची दिसू लागते.

उदाहरण म्हणून कॅन्सस राज्यातील न्यूटन घेऊ. ॲचिसन, टोपिका अँड सँटा फे रेल्वेचे रूळ तिथे जुलै १८७१ मध्ये पोहोचले. टेक्सासहून चिझम वाटेने हाकत आणलेली लांब शिंगांची गुरे तोवर कॅन्ससमधल्याच अबिलीनला गाडीत चढवली जात, ती आता न्यूटनला चढू लागली. एका डब्यात सुमारे २० गुरे भरत. पहिल्याच उन्हाळ्यात गावाला लागून हाइड पार्क नावाची नाचघरांची वस्ती उभी राहिली आणि १९ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर तिथल्या एका नाचघरात गोळीबार होऊन कित्येक माणसे मेली. लगेच पुढच्या वर्षी, मे १८७२ मध्ये, विचिटापर्यंत फाटा गेला आणि गुरांचा बाजार तिकडे सरकला. म्हणजे न्यूटनचे गुराख्यांचे गाव हे रूप जेमतेम एका हंगामाचे. १८७२ मध्येच हार्वी परगणा आखला गेला आणि न्यूटन त्याचे मुख्य ठाणे झाले. १८७४ मध्ये दक्षिण रशियातून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची कुटुंबे येऊ लागली. तीन वर्षांत एकाच गावाचे तीन चेहरे झाले. जो लेखक गोळीबार, कोर्टाची इमारत आणि गव्हाची शेते एकाच वसंतात आणतो त्याच्या हातून गाव निसटते आणि गाव बदलल्यामुळे माणसांवर जे ओढवते तेही निसटते.

बाजार का हलत असे हेही लेखकाला नीट माहीत हवे. टेक्सासची गुरे ज्या वाटेने जात तिथली स्थानिक गुरे तापाने मरत. नवे शेतकरी त्यामुळे चिडलेले असत आणि राज्य सरकार टेक्सासच्या गुरांना बंदी असलेली रेषा पश्चिमेकडे सरकवत राहिले. हा ताप गोचिडांमुळे पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे १८७१ च्या कथेतील डॉक्टरच्या तोंडी गोचिडांचे नाव घालू नये. त्याला एवढेच ठाऊक असेल की टेक्सासचा कळप गेला की महिन्याभरात गोठे ओस पडतात. गाव हलते म्हणजे खरोखर हलते. अबिलीनचे ड्रोव्हर्स कॉटेज हे मोठे हॉटेल १८७२ मध्ये सुटे करून त्याचा बराच भाग एल्सवर्थ या गुरांच्या बाजारगावी नेला गेला. असे हॉटेल चालवणारी विधवा नायिका असेल तर तिच्यापुढचा प्रश्न फळ्यांचा आणि खिळ्यांचा असतो. मोडायचे आणि गाडीवर चढवायचे, की इथल्या मूठभर मंडळीवर विश्वास ठेवून राहायचे? या निर्णयातच तिची श्रद्धा दिसते, त्यासाठी वेगळे प्रवचन घालावे लागत नाही.

आता चर्चच्या इमारतीविषयी. जवळजवळ प्रत्येक कथेत नायक-नायिका गावात उतरतात तेव्हा पांढरे, टोकदार मनोऱ्याचे चर्च आधीच उभे असते. कॅन्ससच्या त्या माळावर लाकूड नव्हते. ओढ्याकाठची थोडी कॉटनवूडची झाडे सोडली तर चिरलेले पाइनचे लाकूड शिकागोच्या बाजारातून रेल्वेनेच यायचे. म्हणून क्रम असा लागतो: आधी रूळ, मग लाकूड, मग चर्च. तोवर उपासना स्टेशनच्या खोलीत, हॉटेलच्या जेवणघरात, शाळेत, कधी दारूच्या दुकानात बाटल्यांवर चादर टाकूनही होत असे. चर्चसाठी जागा बहुधा गाव आखणारी कंपनीच फुकट देई, कारण चर्च असलेल्या गावात भूखंड चांगले विकले जात. या देणगीमागचा हिशेब ज्या पाळकाला कळतो आणि तरीही ती घ्यावी लागते, तो कथेत जिवंत होतो.

लाकूड आल्यावर काम झपाट्याने होई, कारण बांधणी बलून फ्रेमची असे. जाड वासे आणि खाचांचे सांधे नाहीत, तर २ बाय ४ इंचांच्या उभ्या पट्ट्या १६ इंचांवर खिळ्यांनी ठोकायच्या आणि वरून फळ्या मारायच्या. २४ बाय ३६ फुटांच्या लहान चर्चचा परीघ १२० फूट, म्हणजे कोपरे आणि दारे-खिडक्या सोडून सुमारे ९० उभ्या पट्ट्या लागतात. चार सुतार काही आठवड्यांत सांगाडा उभा करतात. पण घाईत ओले लाकूड वापरले की पहिल्या हिवाळ्यात फळ्या आकसतात आणि फटींतून बर्फाची भुकटी आत येते. पाया म्हणून नुसते दगड मांडले असतील तर माळावरचा वारा अख्खी इमारत सरकवतो. शेगडी एका टोकाला ठेवून तिचा पत्र्याचा धुराडा छताखालून दुसऱ्या टोकापर्यंत नेत, म्हणजे नळीची ऊबही वाया जात नसे, पण सांध्यांतून काजळीचे पाणी खालच्या बाकांवर ठिबके. नायिकेच्या एकुलत्या चांगल्या झग्यावर पडलेला असा एक काळा थेंब पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो. दगडी चर्च हवे असेल तर काही वर्षे थांबावे. त्याच मार्गावर पूर्वेला, कॉटनवूड नदीच्या परिसरात, चुनखडीच्या खाणी होत्या.

बांधकामाचा पैसा कसा उभा राहायचा हाही कथेचा भाग आहे. पंथाच्या मध्यवर्ती मंडळाकडून थोडी मदत, बाकी गावातून. महिला मंडळ ऑयस्टरचे, म्हणजे कालवांचे, जेवण ठेवी. समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या माळावर ऑयस्टर! ते बंद डब्यांतून रेल्वेने येत आणि लोक हौसेने तिकीट काढत. नाचघराच्या मालकाने चर्चच्या वर्गणीसाठी पैसे पुढे केले तर ते घ्यायचे का, यावर मंडळीत फूट पडू शकते. इथे कादंबरीचा एक सबंध भाग उभा राहतो.

सर्वात जास्त चुका होतात त्या पंथाच्या नियमांत. आपल्याकडच्या बहुतेक अनुवादांत सगळेच ख्रिस्ती एकसारखे दिसतात. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या पाळकाला ‘फादर’ म्हटले जाते, साध्या प्रोटेस्टंट उपासनेत मेणबत्त्या आणि धूप येतो, ‘मंडळी’ (म्हणजे चर्चचे सभासद) आणि ‘चर्चची इमारत’ यांत घोळ होतो. वसईच्या कॅथलिक वाचकाला ‘मिस्सा’ आणि नगरच्या प्रोटेस्टंट वाचकाला ‘उपासना’ हा फरक सांगावा लागत नाही, मग अनुवादात तो का पुसावा?

मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये पाळकाला एका ठिकाणी किती काळ राहता येई याला मर्यादा होती. १८६४ पर्यंत दोन वर्षे, १८६४ पासून तीन, १८८८ पासून पाच. नेमणुका दरवर्षी परिषदेत बिशप वाचून दाखवी. म्हणून १८७१ मध्ये गावात आलेला मेथडिस्ट पाळक १८७४ नंतर तिथे राहूच शकत नाही. लेखकाला याहून चांगले घड्याळ कुठे मिळणार? स्वतःची शाळा काढलेली शिक्षिका त्याच्यावर प्रेम करत असेल, तर लग्न म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असते. प्रेस्बिटेरियन पाळकाचे तसे नाही. त्याला मंडळी बोलावते, पण त्याच्यामागे कॉलेज आणि सेमिनरीची वर्षे हवीत. घोड्यावरून उतरलेल्या अर्धशिक्षित माणसाला प्रेस्बिटेरियन पाळक करू नये, त्याला बॅप्टिस्ट शेतकरी-उपदेशक करावे.

पश्चात्तापाचेही असेच. नायक रविवारी गुडघे टेकतो आणि पुढच्या रविवारी मंडळीचा सभासद होऊन बोहल्यावर चढतो, असा शेवट फार दिसतो. त्या काळच्या मेथडिस्ट नियमांनुसार नव्या माणसाला पूर्ण सभासद होण्याआधी सहा महिने उमेदवारीत काढावे लागत. त्याने दारू सोडली का, आठवड्याच्या वर्गसभेला (लहान गटाच्या प्रार्थनासभेला) येतो का, हे लोक पाहत. हे सहा महिने गाळू नयेत. माणूस खरोखर बदलला की नाही हे वाचकालाही त्याच काळात पाहता येते. मोसमात गुरांचे व्यापारी परत येतात, जुने मित्र हाका मारतात, आणि एके बुधवारी त्याची वर्गसभेतली जागा रिकामी दिसते.

मेनोनाइटांची गोष्ट याहून वेगळी आहे. रशियात लष्करी सेवेतून मिळालेली सूट जाणार हे दिसू लागल्यावर ते निघाले, कारण शस्त्र न उचलणे हा त्यांच्या विश्वासाचा गाभा. सँटा फे रेल्वेच्या जमीनखात्याने त्यांना अगत्याने बोलावले, आणि कॅन्ससने १८७४ मध्ये त्यांना मिलिशियातून (राज्याच्या नागरी फौजेतून) सूट देणारा कायदाही केला. घरात बोली जर्मन, उपासनेत प्रमाण जर्मन. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला. उपदेशक त्यांच्यातलेच शेतकरी, पगार नाही. बाप्तिस्मा मोठेपणी, धर्मशिक्षणाचा वर्ग पुरा करून, बहुधा पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमारास, आणि बाप्तिस्म्याशिवाय लग्न नाही. मंडळीबाहेर लग्न केल्यास सभासदत्व जाई. मेनोनाइट मुलगी आणि स्टेशनवरचा तारमास्तर अशी जोडी जमवायची असेल, तर दोघांत कोणती भाषा समान आहे इथपासून विचार करावा लागतो. तिला पहिले इंग्रजी शब्द शिकवणारे बहुधा दुकानाचे बिल आणि मालाची पावतीच असणार.

त्यांच्या गव्हाबद्दलही एक सूचना. टर्की रेड हा हिवाळी गहू सप्टेंबरच्या सुमारास पेरतात आणि पुढच्या जून-जुलैत कापतात. १८७४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोळ आले तेव्हा उभा मका फस्त झाला, रुळांवर चिरडलेल्या टोळांनी इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि वाळू टाकून गाड्या हलवाव्या लागल्या. लवकर कापणीला येणारा गहू अशा संकटातून बराचसा वाचतो, एवढाच त्यातला चमत्कार. आणि लगेच सगळ्यांनी तो स्वीकारला असेही झाले नाही. त्याचा दाणा कडक, आणि गिरण्यांचे दगडी जाते मऊ गव्हाचे. पोलादी रोलरांच्या गिरण्या आल्यावरच त्याला खरा भाव आला.

रेल्वेचे शब्द हा आम्हाला फार जवळचा विषय. आपण छापलेल्या उताऱ्यात नायिका एका ‘अभियंत्या’च्या प्रेमात पडते. अमेरिकन रेल्वेत ‘इंजिनियर’ म्हणजे इंजिन ड्रायव्हर. हा माणूस नकाशे काढत नाही, पहाटे कोळशाच्या धगीपुढे उभा राहतो. तिथला ‘कंडक्टर’ म्हणजे आपला गार्ड, फक्त तिकिटेही तोच पाहतो. ‘टाय’ म्हणजे आपला रुळांखालचा स्लीपर, आणि त्यांचा ‘स्लीपर’ म्हणजे झोपायचा डबा. ‘डेपो’ म्हणजे आगार नव्हे, स्टेशन. ‘कार’ म्हणजे डबा. १८७२ च्या कॅन्ससमध्ये मोटार येऊच शकत नाही आणि तरी ती उताऱ्यात आली आहे. ‘राउंडहाउस’ला लोकोशेड, ‘स्विच’ला सांधा, ‘सेक्शन बॉस’ला मुकादम म्हणावे. भुसावळ, मनमाड, दौंड, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींत हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, ते सोडून शब्दकोशातले का आणावेत?

या शब्दांमागे माणसाचे आयुष्य असते. ड्रायव्हर सुमारे शंभर मैलांचा एक टप्पा चालवतो, पलीकडच्या गावी झोपतो आणि दुसऱ्या दिवशी उलट गाडी घेऊन येतो. तो रोज संध्याकाळी फाटकाशी उभा राहू शकत नाही आणि दर रविवारी उपासनेलाही येऊ शकत नाही. रविवारी गाड्या चालवणे पाप आहे असे मानणारे कडवे प्रोटेस्टंट तेव्हा पुष्कळ होते. नायिकेचा बाप त्यांतला असला तर लग्नाला विरोध व्हायला खलनायक लागतच नाही.

ब्रेकमनकडे, म्हणजे डबे जोडणाऱ्या आणि ब्रेक लावणाऱ्या कामगाराकडे, लेखकांचे लक्ष जायला हवे. डबे जोडायची पद्धत कडी आणि खिळीची होती. दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून, येणाऱ्या डब्याच्या खाचेत हाताने कडी घालायची आणि त्याच क्षणी वरून खिळी सोडायची. क्षणभर उशीर झाला की बोटे जातात. आपल्याकडे बराच काळ दोन्ही बाजूंचे बफर आणि स्क्रूची जोडणी राहिल्यामुळे हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय ब्रेक लावायला धावत्या मालगाडीच्या टपावरून, बर्फातसुद्धा, डब्याडब्यावर चाक फिरवत जायचे. आपोआप जुळणारी जोडणी आणि हवेचे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा १८९३ मध्ये झाला. त्याआधी बरीच वर्षे काम केलेल्या ब्रेकमनची दहाही बोटे शाबूत दाखवली तर जाणकार वाचकाचा विश्वास उडतो. अंगठी कोणत्या बोटात घालायची, हा प्रश्न अशा माणसाच्या लग्नात खरोखरचा असतो.

वेळेचेही भान ठेवावे. १८ नोव्हेंबर १८८३ पूर्वी अमेरिकेत प्रमाणवेळ नव्हती. गावाची वेळ सूर्यावर, रेल्वेची तिच्या स्वतःच्या घड्याळावर. मध्यवर्ती प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा न्यूटनच्या सूर्यवेळेपेक्षा ती सुमारे २९ मिनिटे पुढे होती. मुंबईची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेला काळ मराठी वाचकाने ऐकलेला आहे, त्याला हे चटकन कळेल.

जमिनीचा नियम प्रेमकथेला थेट भिडतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने २१ वर्षांच्या अविवाहित स्त्रीला किंवा विधवेला स्वतःच्या नावावर सरकारी जमिनीचा दावा लावता येई, विवाहितेला सहसा नाही. पाच वर्षे राहून जमीन कसायची. एरवी १६० एकर मिळत, पण रेल्वेला दिलेल्या पट्ट्यात विषम क्रमांकाचे चौरस मैल रेल्वेचे आणि उरलेल्या सरकारी जमिनीत साध्या अर्जदाराला ८० एकरच मिळत. ही अट १८७९ पर्यंत होती. म्हणून १८७२ ची नायिका लग्न आधी करते की अर्ज आधी, यावर शेत कोणाच्या नावावर राहील हे ठरते. ‘थोडे थांबू या’ असे ती म्हणते तेव्हा तिच्या मनात प्रेम कमी असते असे नाही.

ही जमीन रिकामी नव्हती हेही लिहिलेच पाहिजे. ओसेज लोकांना या काळात कॅन्ससमधून दक्षिणेला हलवले गेले, कॉ लोकांना १८७३ मध्ये. १८६९ पासून राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या धोरणाने आदिवासींच्या कचेऱ्यांवर चर्चच्या मंडळांची माणसे, या भागात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची, नेमली जात होती. ज्या कथेचा नायक ख्रिस्ती आहे तिला हा प्रश्न टाळता येणार नाही.

पुढील भाग छापण्याआधी एवढ्या जागा दुरुस्त व्हाव्यात, ही विनंती. ‘अभियंता’ऐवजी ‘ड्रायव्हर’, ‘मोटार’ऐवजी ‘डबा’, ‘फादर’ऐवजी ‘पाळक’ करावे. नायिका हार्वी हाउसमध्ये वाढपी म्हणून राहते तो प्रसंग काढावा किंवा कथा पुढे न्यावी. फ्रेड हार्वी यांचे टोपिका स्टेशनवरचे पहिले जेवणघर १८७६ चे आणि तिथे मुली नेमण्याची पद्धत १८८३ पासूनची. स्त्रियांची ख्रिस्ती मद्यनिषेध संघटना नोव्हेंबर १८७४ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे १८७२ च्या सभेत तिचा फलक नको. आणि शेवटच्या प्रसंगात सगळे मिळून ‘ओल्ड रग्ड क्रॉस’ हे गीत गातात, ते १९१३ च्या सुमाराचे. त्याऐवजी त्या काळी गायले जाणारे एखादे स्तोत्र घ्यावे. बाजाची पेटी गावात अजून आलेली नाही असे दुसऱ्याच प्रकरणात म्हटले आहे, तेव्हा पुढच्या बाकावरच्या कोणीतरी सूर धरून द्यावा आणि बाकीच्यांनी मागून उचलावा.

आपले,
ख्रिस्ती साहित्याचे दोन वाचक-अनुवादक, भुसावळ